उच्च विभेदन मॉनिटर

उच्च विभेदन मॉनिटर म्हणजे १९२० × १०८० या प्रचलित मापापेक्षा अधिक चित्रबिंदू असलेला संगणकाचा पडदा होय. २५६० × १४४० आणि ३८४० × २१६० ही अशा पडद्यांची सर्वाधिक आढळणारी मापे असून दुसऱ्या मापास व्यवहारात ‘४के’ म्हणतात. ‘विभेदन’ ही संज्ञा ‘रिझोल्यूशन’ या अर्थी वापरली जाते.

असा मॉनिटर डेस्कटॉप संगणकाला जोडल्यावर चित्र बहुधा लगेच दिसते; परंतु चित्र दिसणे आणि पडदा पूर्ण क्षमतेने चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्राफिक्स यंत्रणा, पोर्ट, केबल, मॉनिटरची अंतर्गत मांडणी, संचालन प्रणाली आणि अक्षरांचे टंक (फाँट) अशा सहा कड्यांची ही साखळी असते. तिच्यातील सर्वांत दुर्बल कडी अंतिम चित्राचा दर्जा ठरवते. कडी दुर्बल असल्याची सूचना संगणक सहसा देत नाही. तो निमूटपणे कमी विभेदनावर किंवा कमी वेगावर उतरतो, आणि वापरकर्त्याने ८३ लाख बिंदूंचा पडदा घेऊनही त्याला प्रत्यक्षात त्याच्या चतुर्थांशाइतकाच तपशील दिसत राहतो.

देवनागरी लिपीच्या वाचकांना या विषयाचे विशेष महत्त्व आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे अशी तीन थरांची रचना या लिपीत असल्याने तिला रोमन लिपीपेक्षा अधिक बिंदूंची गरज भासते. पडद्यावरील देवनागरी अक्षरांच्या घडणीचे महत्त्वाचे काम मुंबईच्या उपनगरांत, पवई आणि जुहू येथील संस्थांमध्ये झाले आहे.

संज्ञा व मापन

पडद्यावरील चित्र ज्या सूक्ष्म चौकोनी घटकांनी बनते, त्यांना चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. आडव्या ओळीतील बिंदूंची संख्या आणि उभ्या ओळींची संख्या मिळून विभेदन सांगितले जाते. प्रमुख मापे अशी :

• फुल एचडी : १९२० × १०८०, एकूण २०,७३,६०० बिंदू
• क्यूएचडी : २५६० × १४४०, एकूण ३६,८६,४०० बिंदू
• ४के (यूएचडी) : ३८४० × २१६०, एकूण ८२,९४,४०० बिंदू
• ५के : ५१२० × २८८०, एकूण १,४७,४५,६०० बिंदू

४के पडद्यावर फुल एचडीच्या नेमके चौपट बिंदू असतात. चित्रपटगृहांसाठीचे ४के मात्र ४०९६ × २१६० असे थोडे रुंद असते. ते डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकातून आले आहे.

केवळ बिंदूंच्या संख्येवरून स्पष्टता कळत नाही. ते किती जागेत बसवले आहेत हे पाहावे लागते. दर इंचातील बिंदूंच्या संख्येला बिंदुघनता म्हणतात. कर्णावरील बिंदूंची संख्या पायथागोरसच्या सिद्धांताने काढून तिला पडद्याच्या कर्णाच्या इंचांनी भागले की बिंदुघनता मिळते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर ती सुमारे ९२, २७ इंची फुल एचडीवर सुमारे ८२, २७ इंची क्यूएचडीवर सुमारे १०९ आणि २७ इंची ४केवर सुमारे १६३ भरते. म्हणजे फुल एचडीच्याच मापाचा मोठा पडदा घेतल्यास अक्षरे मोठी होतात, अधिक रेखीव होत नाहीत.

निरोगी डोळा साधारणपणे एक कलामिनिट (एका अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनातील तपशील वेगळा ओळखतो. ६० सेंटिमीटर अंतरावरून पाहताना हा कोन सुमारे ०.१७ मिलिमीटर लांबीशी जुळतो. २४ इंची फुल एचडी पडद्यावरील एक बिंदू सुमारे ०.२८ मिलिमीटरचा असल्याने तो या मर्यादेहून मोठा आहे आणि अक्षरांच्या तिरक्या कडा पायऱ्यांसारख्या जाणवतात. २७ इंची ४के पडद्यावरील बिंदू सुमारे ०.१६ मिलिमीटरचा असतो. तेथे या पायऱ्या जवळजवळ दिसेनाशा होतात.

इतिहास

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए मानकात ६४० × ४८० बिंदूंची सोय होती. त्या काळातील मॉनिटर काचेच्या कॅथोड किरण नळीचे असत आणि संगणकाकडून त्यांना अ‍ॅनालॉग संदेश मिळे. असा मॉनिटर निरनिराळी विभेदने सारख्याच सहजतेने दाखवू शके. द्रवस्फटिक (एलसीडी) पडद्यात मात्र बिंदूंची संख्या कारखान्यातच कायमची ठरते. तिला मूळ विभेदन म्हणतात. अन्य कोणत्याही विभेदनाचे चित्र अशा पडद्याला ताणून बसवावे लागते आणि त्यामुळे अक्षरे पुसट होतात.

सपाट पडद्यांसाठी १९९९ मध्ये डीव्हीआय हे डिजिटल मानक आले. २००१ मध्ये आयबीएमने टी२२० हा २२.२ इंची मॉनिटर सादर केला. त्याचे विभेदन ३८४० × २४०० आणि बिंदुघनता २०४ होती. एवढ्या बिंदूंची माहिती वाहून नेणारी एकच केबल तेव्हा अस्तित्वात नव्हती. म्हणून या मॉनिटरला चार जोडण्यांची तरतूद करावी लागली आणि तरीही चित्र सेकंदाला सुमारे ४१ वेळाच बदलत असे. पडदा पुढे आणि केबल मागे, ही परिस्थिती त्यानंतरही अनेकदा उद्भवली. २०१३ च्या सुमारास बाजारात आलेल्या काही ४के मॉनिटरांना संगणक दोन स्वतंत्र अर्ध्या पडद्यांप्रमाणे ओळखत असे. ते अर्धे जुळले नाहीत तर मधोमध रेघ दिसे किंवा एक बाजू काळी राही.

अ‍ॅपलने २०१२ मध्ये मॅकबुक प्रो या वहनीय संगणकात आणि २०१४ मध्ये २७ इंची आयमॅकमध्ये अधिक घनतेचे पडदे आणले. त्यानंतर सर्वच संचालन प्रणालींना बिंदुघनतेचा विचार करणे भाग पडले.

जोडणीची साखळी

ग्राफिक्स यंत्रणा व पोर्ट

डेस्कटॉप संगणकात चित्र तयार करण्याचे काम प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स किंवा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड करते. अंगभूत ग्राफिक्सची जोडणी मदरबोर्डवरील पोर्टमधून मिळते, तर कार्डाचे पोर्ट पेटीच्या मागील बाजूस खालच्या भागात आडव्या पट्टीत असतात. कार्ड असलेल्या संगणकात केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर पडदा कोरा राहतो किंवा कार्डाची क्षमता वाया जाते.

पोर्टचा आकार सारखा असला तरी त्याची आवृत्ती निराळी असू शकते. उदाहरणार्थ, २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांमधील अंगभूत ग्राफिक्सला थेट एचडीएमआय १.४ एवढाच आधार होता. त्यामुळे त्या पोर्टवर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. त्याच प्रोसेसरच्या डिस्प्लेपोर्टवर मात्र हा दर ६० मिळतो. म्हणून जुन्या डेस्कटॉपला ४के मॉनिटर जोडताना दोन्ही प्रकारचे पोर्ट उपलब्ध असल्यास डिस्प्लेपोर्ट निवडणे हितावह ठरते.

टाइप-सी आकाराचे यूएसबी पोर्टही चित्र वाहून नेऊ शकते, परंतु प्रत्येक टाइप-सी पोर्टला ही सोय असतेच असे नाही. ती आहे किंवा नाही हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते.

केबलची वहनक्षमता

४के चित्रात ८२,९४,४०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरल्यास दर सेकंदाला सुमारे ११.९ अब्ज बिट (११.९ गिगाबिट) वाहून न्यावे लागतात. दोन ओळींमधील आणि दोन चित्रांमधील रिकामा काळ हिशेबात घेतल्यावर एचडीएमआयवर ही गरज १४.२ गिगाबिटच्या वर जाते. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट असून त्यातील केवळ ८.१६ गिगाबिट प्रत्यक्ष चित्रासाठी उरतात. ३० चित्रांना ते पुरेसे होतात, ६० चित्रांना नाहीत. एचडीएमआय २.० वर १८ पैकी १४.४ गिगाबिट चित्राच्या वाट्याला येतात आणि ६० चित्रे जेमतेम मावतात.

| जोडणी | वर्ष | कमाल वहनक्षमता (गिगाबिट प्रतिसेकंद) | ४के चित्राचा नेहमीचा दर (हर्ट्झ) |
|---|---|---|---|
| एचडीएमआय १.४ | २००९ | १०.२ | ३० |
| एचडीएमआय २.० | २०१३ | १८ | ६० |
| एचडीएमआय २.१ | २०१७ | ४८ | १२० |
| डिस्प्लेपोर्ट १.२ | २०१० | २१.६ | ६० |
| डिस्प्लेपोर्ट १.४ | २०१६ | ३२.४ | १२० |

(दर ८ बिट रंगांसाठी आणि माहितीचे संक्षेपण न करता.)

केबलवर आवृत्तीचा आकडा छापलेला असण्यापेक्षा तिच्या प्रमाणीकरणाला अधिक अर्थ आहे. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ अशी एचडीएमआय केबलची अधिकृत नावे आहेत. तांब्याच्या केबलची लांबी वाढते तसा संदेश क्षीण होतो; त्यामुळे दोन मीटरपर्यंतची केबल घरगुती वापरास योग्य समजली जाते.

डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारा अडॅप्टर आणि एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारा अडॅप्टर ही दोन वेगळी साधने आहेत. पहिला बहुतांशी साधा व स्वस्त असतो, परंतु त्यातून ४के ६० हर्ट्झवर हवे असल्यास आत रूपांतर करणारे मंडल असलेला अडॅप्टर लागतो. दुसऱ्या प्रकारात असे मंडल अनिवार्य असून त्याला बहुधा वेगळा वीजपुरवठाही द्यावा लागतो. एकाचे काम दुसरा करत नाही.

मॉनिटरची ओळख आणि अंतर्गत मांडणी

मॉनिटर संगणकाला जोडताच तो आपली ओळख सांगतो. आपले नाव, मूळ विभेदन आणि चालणारे दर यांची माहिती तो ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटच्या मूळ तक्त्यातून व त्याच्या पुरवण्यांतून पाठवतो. संगणक सेटिंगमध्ये जे पर्याय दाखवतो, ते प्रामुख्याने या तक्त्यावर आधारलेले असतात. निकृष्ट अडॅप्टर, स्विच किंवा सैल केबल यांमुळे तक्ता नीट वाचला गेला नाही, तर ४केचा पर्यायच यादीत दिसत नाही. अशा वेळी मधली सर्व साधने काढून मॉनिटर थेट जोडून पाहणे ही पहिली कसोटी होय.

अनेक मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूमध्ये एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडण्याची सोय असते आणि जुन्या संगणकांशी जुळावे म्हणून ती कारखान्यातून कधीकधी खालच्या आवृत्तीवर ठेवलेली असते. संगणक व केबल दोन्ही सक्षम असूनही दर ३० हर्ट्झवर अडकला असेल, तर हा पर्याय तपासावा लागतो. मॉनिटरऐवजी दूरचित्रवाणी संच वापरल्यास चित्राच्या कडा पडद्याबाहेर जातात. संचाच्या मेनूत चित्र मूळ मापात दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर त्या परत दिसतात.

रिफ्रेश रेट

पडद्यावरील चित्र सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते, त्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने ३० हर्ट्झवर चित्रपट पाहताना फारसे वैगुण्य जाणवत नाही. माउसचा बाण, सरकणारे पान आणि टंकलेखन यांत मात्र मागे रेंगाळल्यासारखे वाटते. ‘नवा मॉनिटर लावल्यापासून संगणक मंद झाला’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

संचालन प्रणालीतील मांडणी

अधिक घनतेच्या पडद्यावर बिंदू लहान असल्याने अक्षरे व चिन्हे बारीक दिसतात. त्यावर उपाय म्हणून विभेदन कमी करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्याने अक्षरे मोठी होतात, पण पुसटही होतात. योग्य उपाय स्केलिंग (आकारवर्धन) हा आहे. विभेदन मूळ ठेवून संचालन प्रणालीला प्रत्येक अक्षर अधिक बिंदू वापरून काढण्यास सांगणे म्हणजे स्केलिंग. ४के पडद्यावर १५० टक्के स्केलिंग केल्यास मजकुरासाठी २५६० × १४४० पडद्याइतकी, तर २०० टक्के केल्यास फुल एचडीइतकी जागा मिळते. अक्षरांची रेखीवता मात्र ४केचीच राहते.

विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे दर इंचाला ९६ बिंदू असे गृहीत धरलेले आहे. प्रत्येक मॉनिटरला वेगळे स्केलिंग देण्याची सोय २०१३ च्या विंडोज ८.१ पासून मिळाली. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने गेल्यावर विभेदन आणि स्केल हे दोन्ही पर्याय दिसतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या पानावर डेस्कटॉपचे विभेदन आणि केबलमधून प्रत्यक्ष जाणाऱ्या संदेशाचे विभेदन स्वतंत्रपणे दिलेले असते. हे दोन आकडे जुळत नसतील तर चित्र वाटेत कोठेतरी ताणले जात आहे, असे समजावे. जुनी सॉफ्टवेअर स्केलिंग ओळखत नाहीत. त्यांच्या खिडक्या विंडोज नंतर ताणून मोठ्या करते, म्हणून त्या धूसर दिसतात. मराठी अक्षरजुळणीची जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. प्रोग्रॅमच्या गुणधर्मांतील सुसंगतता विभागात स्केलिंगचा अधिकार त्या प्रोग्रॅमकडे देता येतो. मग खिडकी लहान पण स्पष्ट दिसते.

मॅकओएस निराळ्या पद्धतीने काम करते. २७ इंची ४के पडद्यावर २५६० × १४४० इतकी जागा निवडल्यास ती आधी ५१२० × २८८० चे चित्र तयार करते आणि मग ते ३८४० × २१६० मध्ये बसवते. २०१८ च्या मोहावे आवृत्तीत तिने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी उपबिंदू पद्धत बंद केली. त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यांवर मॅकची अक्षरे पूर्वीपेक्षा धूसर भासतात.

लिनक्समध्ये २०० टक्क्यांसारखे पूर्णांकी स्केलिंग सहज होते. १२५ किंवा १५० टक्क्यांसारख्या अपूर्णांकी मापांसाठी आणि दोन मॉनिटरांना वेगवेगळे प्रमाण देण्यासाठी जुन्या एक्स११ पेक्षा नवी वेलँड प्रणाली अधिक सोयीची आहे.

देवनागरी मजकूर आणि विभेदन

१२ पॉइंट मापाचा मजकूर १०० टक्के स्केलिंगवर १६ बिंदू उंचीच्या चौकटीत काढला जातो. एवढ्या उंचीत देवनागरीला शिरोरेषेवरील चिन्हे, अक्षराचे अंग आणि खालचे उकार असे तीन थर बसवावे लागतात. शिरोरेषेला त्यात जेमतेम एक बिंदू मिळतो. १५० टक्क्यांवर हीच चौकट २४ बिंदूंची आणि २०० टक्क्यांवर ३२ बिंदूंची होते. म्हणजे १६ × १६ च्या २५६ घरांऐवजी अक्षराला १,०२४ घरे मिळतात.

या फरकाचा संबंध अर्थाशी आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना; ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. पहिल्या शब्दांत रफार शिरोरेषेवर बसतो, तर दुसऱ्या शब्दांत अर्धा र वळणदार रेघेच्या रूपाने पुढील अक्षराला जोडला जातो. ‘आचार्यांना’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी शेजारी येतात व कमी विभेदनावर त्यांचा एकच ठिपका होतो. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, ब आणि व या जोड्यांतील भेदही शिरोरेषेतील लहानशी फट किंवा पोटातील एका रेघेवर अवलंबून असतो. मुद्रितशोधन करणारे, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि संस्कृत ग्रंथांच्या संगणकीय प्रती वाचणारे अभ्यासक यांना स्पष्ट पडद्याचा लाभ या कारणाने अधिक होतो.

पडद्यावर देवनागरी आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. डॉस प्रणालीच्या काळात भारतीय लिप्यांसाठी संगणकात जिस्ट नावाचे वेगळे कार्ड बसवले जाई. पुण्याच्या सी-डॅकने या तंत्राचा प्रसार केला. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. युनिकोडचा आधार विंडोजमध्ये रुळल्यावर वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. पण कमी बिंदूंत वाचनीय अक्षर कसे घडवावे, हा प्रश्न कायम राहिला.

या प्रश्नावर मुंबईच्या उपनगरांत झालेले काम महत्त्वाचे आहे. सुलेखनकार व कवी रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी १९८३ ते १९९६ या काळात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन केले. पुढे जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी भारतीय लिप्यांच्या टंकांवर काम केले. १९८५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी टंक जोशी यांच्या आरेखनातून साकारला. पुढील अनेक वर्षे बहुसंख्य मराठी वाचकांनी संगणकावर मराठी वाचली ती याच टंकात. तो ज्या पडद्यांसाठी घडला, त्यांची बिंदुघनता शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी होती. अक्षराच्या रेषा बिंदूंच्या जाळ्यावर नेमक्या बसाव्यात म्हणून अशा टंकांत खास सूचना भरलेल्या असतात. घनता वाढली की या सूचनांची गरज कमी होते आणि अक्षराची मूळ वळणे दिसू लागतात.

विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी निर्मला यूआय हा टंक आला. मुंबईतील एक टाइप या समूहाचा मुक्ता आणि गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे टंकही प्रचलित आहेत. त्यांत रेघेची जाडी अनेक पायऱ्यांत उपलब्ध असल्याने घन पडद्यावर बारीक आणि साध्या पडद्यावर थोडी जाड अशी निवड करता येते.

वापराची क्षेत्रे

गोरेगाव येथे १९७७ मध्ये उभी राहिलेली चित्रनगरी आणि अंधेरी, ओशिवरा परिसरातील संकलन व ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ यांमुळे मुंबई उपनगरांत उच्च विभेदन मॉनिटरांचा व्यावसायिक वापर मोठा आहे. संकलकाला ४केमध्ये चित्रित दृश्य बिंदूला बिंदू जुळवून पाहावे लागते. त्याखेरीज फोकसमधील दोष लक्षात येत नाही. या क्षेत्रात विभेदनाइतकेच रंगांच्या अचूकतेला महत्त्व असल्याने मॉनिटरचे रंग उपकरणाने मोजून ठरावीक काळाने जुळवले जातात.

घरगुती वापरात जागेचा प्रश्न येतो. लहान सदनिकेत टेबल भिंतीला टेकलेले असते आणि वाचकाचा डोळा पडद्यापासून अर्धा ते पाऊण मीटरवर राहतो. एवढ्या अंतरासाठी २४ ते २७ इंची पडदा सोयीचा पडतो. तोच पडदा दीड मीटरवरून पाहिल्यास फुल एचडी आणि ४के मजकुरातील भेद बहुतेकांना जाणवत नाही. समुद्राजवळच्या दमट हवेत केबलच्या टोकांवर थर साचून संपर्क क्षीण होऊ शकतो. पावसाळ्यात अधूनमधून चित्र जात असल्यास केबल काढून, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवणे हा साधा उपाय आहे.

सामान्य अडचणी व त्यांची कारणे

• ४केचा पर्याय यादीत नसणे : ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसणे, पोर्टची आवृत्ती जुनी असणे, किंवा अडॅप्टरमुळे मॉनिटरची ओळख न पोहोचणे.
• दर ३० हर्ट्झवर अडकणे : एचडीएमआय १.४ पोर्ट, अपुऱ्या क्षमतेची केबल किंवा मॉनिटरच्या मेनूतील खालची आवृत्ती.
• चित्र मधूनच काही क्षण काळे होणे : केबल लांब किंवा निकृष्ट असणे. दर तात्पुरता ३० वर आणल्यावर दोष थांबत असेल, तर केबल बदलावी.
• रंगीत अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसणे : वहनक्षमता कमी पडल्याने रंगांची माहिती निम्मी किंवा चतुर्थांश पाठवली जाणे. लाल अक्षरे काळ्या पार्श्वभूमीवर पाहिल्यास हा दोष लगेच कळतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘आरजीबी’ किंवा ‘४:४:४’ हा पर्याय निवडावा.
• एकाच प्रोग्रॅमची अक्षरे धूसर असणे : तो प्रोग्रॅम स्केलिंग ओळखत नाही, मॉनिटर सदोष नसतो.
• चित्रपट कमी विभेदनात दिसणे : संरक्षित ४के चित्रफितींसाठी संगणकापासून मॉनिटरपर्यंत सर्व साधनांना एचडीसीपी २.२ चा आधार लागतो.

दोष शोधताना एका वेळी एकच कडी बदलावी. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कोणत्या कडीत होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवल्यास तपास मुळापासून करावा लागतो.

मर्यादा

बिंदू चौपट झाले की ग्राफिक्स यंत्रणेवरील भारही वाढतो. लेखन, वाचन व महाजालाच्या वापरासाठी अलीकडचे अंगभूत ग्राफिक्स पुरेसे असते. ४केवरील त्रिमितीय खेळांसाठी समर्थ कार्ड लागते. समान तंत्राच्या पडद्यांत अधिक घनतेच्या पडद्याला तेवढाच उजेड देण्यासाठी सहसा जास्त वीज लागते. जुन्या संगणकाचे पोर्ट ४केला ६० हर्ट्झ देत नसेल आणि कार्ड बदलणे परवडत नसेल, तर २७ इंची क्यूएचडी मॉनिटर हा मधला मार्ग आहे. त्याचे चित्र एचडीएमआय १.४ च्या क्षमतेत ६० हर्ट्झवर बसते, मात्र संगणकाच्या पोर्टने ते विभेदन देणे आवश्यक असते. त्याची सुमारे १०९ ची घनता १०० टक्के स्केलिंगवरही वाचण्याजोगी असल्याने जुन्या सॉफ्टवेअरांची अडचण येत नाही. देवनागरीतील बारकावे त्यावर फुल एचडीपेक्षा स्पष्ट, पण ४केपेक्षा कमी दिसतात.

हेही पाहा

• चित्रबिंदू
• देवनागरी
• युनिकोड
• र. कृ. जोशी
• सी-डॅक